वैनगंगेचा झिंगा आणि खाडीचे पाणी: सागरविज्ञानाकडे वळलेल्या नागपूरच्या एका ढिवर विद्यार्थिनीचे प्रकरण

हे प्रकरण नागपूरमधील एका विद्यार्थिनीचे आहे. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे नाव, तिचे महाविद्यालय, तिचे नंतरचे विद्यापीठ आणि तिच्या वडिलांच्या मत्स्य सहकारी संस्थेचे गाव येथे दिलेले नाही. प्राणिशास्त्राचा अध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाने तिची वाटचाल पदवीच्या शेवटच्या वर्षापासून जवळून पाहिली. ज्या शहरापासून कोणताही किनारा रात्रभराच्या प्रवासाइतका दूर आहे, तेथील आणि पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या समाजातील मुलीने सागरविज्ञानात शिरायचे ठरवले, तर ती आपल्या समाजाचे काय सोबत नेऊ शकते आणि त्याची किंमत कोण मोजते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी आहे. वडील ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद असून संस्थेकडे एका मालगुजारी तलावाचा मासेमारीचा ठेका आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील हे तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी धानाच्या सिंचनासाठी बांधले. पुढे मालगुजारी, म्हणजे मालगुजारांकरवी सारावसुलीची पद्धत, गेली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांतील मासेमारी ठेक्यावर चालू लागली. आई धाकट्या मुलांना घेऊन नागपुरात राहते आणि भोईपुऱ्याच्या बाजारात मासळी विकते. तेथे गावाकडची मरळ, वाम आणि मांगूर थोडी असते; आंध्रातून बर्फात येणारे रोहू आणि कटला पुष्कळ असतात. समुद्राची मासळीही त्याच पेट्यांतून येते. त्यामुळे या मुलीने समुद्र पाहण्याच्या कितीतरी आधी समुद्राचे मासे हाताळलेले होते, आणि कल्ल्यांचा रंग, डोळ्यांची चमक व पोटाचा ताठपणा यांवरून मासा किती दिवसांचा आहे हे ती दहावीच्या आधीपासून अचूक सांगत असे.

हा तपशील मुद्दाम दिला आहे. जीवशास्त्राच्या पदवी वर्गात आलेली बहुतेक मुले मासा प्रथम फॉर्मॅलिनच्या बरणीत पाहतात. या मुलीला माशांच्या जाती, त्यांचे हंगाम, अंडी धरण्याचे महिने आणि पाण्याच्या रंगावरून येणारा अंदाज हे सारे घरातून मिळालेले होते. मात्र वर्गात या ज्ञानाचा उल्लेख करण्याचे ती टाळत असे. आईचा व्यवसाय विचारला की ‘बाजारात दुकान आहे’ एवढेच ती सांगे. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारणारे लोक नागपुरातही आहेत आणि किनाऱ्यावरही आहेत, त्यामुळे तिच्या या सावधगिरीला न्यूनगंड म्हणणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही.

निवडीचा पेच

पदवीच्या तिसऱ्या वर्षी तिच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो वरवर पाहता साधा होता: नागपुरातच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून राज्यसेवेची आणि मत्स्यव्यवसाय खात्यातील पदांची तयारी करायची, की किनाऱ्यावर जाऊन सागरी जीवशास्त्र शिकायचे. घरच्यांचा कौल पहिल्या पर्यायाला होता. समाजातील एखादी मुलगी मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी झाली तर तलावांचे ठेके, मत्स्यबीजाचा पुरवठा आणि अनुदानाचे अर्ज या रोजच्या अडचणींत आपले माणूस टेबलाच्या पलीकडे असेल, असा हिशोब त्यामागे होता आणि तो चुकीचा नव्हता. वडील एवढेच म्हणाले, “पोरी, समुद्रात जाऊन तू काय करून राहिली, ते आम्हाले तं सांगता आलं पाहिजे.” या वाक्यात विरोधापेक्षा मागणी अधिक होती, हे पुढे स्पष्ट झाले.

येथे शिक्षणाच्या दारांचा प्रश्न आडवा आला. नागपुरात तेलंगखेडी येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिच्या घरापासून ते फार दूर नाही. परंतु बारावीनंतर तेथे चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी घेता येते, हे तिला किंवा तिच्या शिक्षकांना ठाऊकच नव्हते, आणि ती सरळ बी.एस्सी.ला गेली. मासेमार समाजातील मुलांना मासेमारीचे महाविद्यालय माहीत नसावे, हा विरोधाभास विदर्भात वारंवार दिसतो. त्याचा परिणाम नंतर जाणवतो, कारण मत्स्यशास्त्रातील पदव्युत्तर पदवीसाठी सामान्यतः मत्स्यशास्त्राचीच पदवी लागते. मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचा (स्थापना १९६१) पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यामुळे तिच्यासाठी बंद होता. गोवा, कोची आणि तमिळनाडूतील परंगीपेट्टई येथील विद्यापीठीय विभागांत सागरी जीवशास्त्र किंवा सागरविज्ञानाची एम.एस्सी. करता येते, आणि तेथे प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेल्या पदवीधरांना प्रवेशाची वाट असते. तिने तिकडे अर्ज करण्याचे ठरवले.

नागपुरात राहून समुद्राशी संबंधित काम करता येत नाही असेही नाही. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून या शहरात आहे आणि किनारी शहरांचे सांडपाणी समुद्रात कसे पसरते याचा अभ्यास या संस्थेने केलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे, आणि त्याच खात्याचे ‘समुद्र रत्नाकर’ हे जहाज समुद्रतळाचे सर्वेक्षण करते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तर दूर जावेच लागत नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात समुद्री प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जीवांचे, सूक्ष्म जीवाश्म सापडलेले आहेत, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी समुद्राचा एखादा फाटा या भागापर्यंत आला असावा, असे काही संशोधक मानतात. ‘नागपूरला कुठे समुद्र?’ असे विचारणाऱ्याला हे उत्तर देण्याचा मोह होतो. पण या मुलीची ओढ जिवंत प्राण्यांकडे होती, त्यामुळे हे पर्याय तिने लवकरच बाजूला ठेवले.

अर्जातील मजकूर

प्रवेशासाठी आणि नंतर एका उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिला स्वतःविषयी एक पान लिहायचे होते. पहिल्या मसुद्यात आजोबांचा डोंगा, आईची पाटी, पावसाळ्यात रिकामी राहणारी चूल आणि समुद्राचे लहानपणापासूनचे स्वप्न असे सारे होते. मजकूर खोटा नव्हता, परंतु तो वाचून निवड समितीला तिची दया आली असती आणि ती कोणता प्रश्न सोडवू शकेल हे मात्र कळले नसते. अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करणारे पुष्कळ जण विद्यार्थ्यांना आपल्या हलाखीचे वर्णन करायला सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सल्ला वंचित समाजातील मुलांचे नुकसान करतो, कारण त्यात त्यांच्या समाजाची गरिबी दिसते आणि त्यांच्या समाजाचे ज्ञान झाकले जाते.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात एका झिंग्यापासून झाली. गोदावरीच्या खोऱ्यात मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी या जातीचा मोठा गोड्या पाण्यातील झिंगा आढळतो. त्याची वाढ नदीत होते, मादी अंडी पोटाखाली वागवते, पण अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना जगण्यासाठी निमखारे पाणी लागते. वाढलेली पिल्ले पुन्हा प्रवाहाच्या उलट दिशेने नदी चढतात. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे भंडाऱ्याच्या ढिवराच्या जाळ्यात येणारा हा झिंगा अर्धा समुद्राचा प्राणी आहे. मग इतक्या दूरवरच्या अळ्या वाहत खाडीपर्यंत पोहोचेपर्यंत जगतात, की अंडी धरलेल्या माद्याच आधी खाली उतरतात? वडील आणि त्यांच्या बरोबरीचे सभासद अंडी धरलेल्या माद्या कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात आणि नदीला पूर आल्यावर किती दिवसांनी दिसेनाशा होतात, हे सहज सांगत असत. तिने हेच लिहिले: माझ्याकडे नदीच्या वरच्या टोकाची निरीक्षणे आहेत, खालच्या टोकाला काय घडते ते मला शिकायचे आहे.

या पानामुळेच तिला प्रवेश मिळाला, असे म्हणता येणार नाही. प्रवेश परीक्षेतील गुणांवर झाला. प्रशिक्षणाची जागा मात्र याच मजकुरामुळे मिळाली. मुलाखतीत तिला पाऊण तास याच झिंग्याविषयी विचारण्यात आले आणि आईच्या व्यवसायाचा उल्लेख तिने स्वतःहून, एक पुरावा म्हणून केला. भोईपुऱ्यात दोन जातींचे झिंगे येतात आणि बाजारातील बायका त्यांचा भाव वेगळा लावतात, असे तिने सांगितले.

कागदपत्रे आणि पैसा

या भागाला करिअरविषयक लेखनात फारशी जागा मिळत नाही, पण या प्रकरणात सर्वाधिक मनस्ताप येथेच झाला. ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात मोडतो. हा प्रवर्ग राज्याचा आहे. केंद्रीय संस्थांत तो अस्तित्वात नाही आणि तेथे या समाजाची गणना इतर मागासवर्गांत होते. त्यामुळे तिच्याजवळचा राज्याचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र असूनही केंद्रीय नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र आणि उन्नत गटात नसल्याचा चालू वर्षाचा दाखला काढावा लागला. तो वेळेत न मिळाल्याने तिचा एका ठिकाणचा अर्ज खुल्या प्रवर्गात गणला गेला. राज्याबाहेर शिकताना राज्याच्या शिष्यवृत्तीचे नियमही बदलतात, आणि तिला मिळणारी एक रक्कम सत्र संपल्यावर जमा झाली. मधल्या काळात वसतिगृहाचे पैसे आईने बाजारातील बचत गटातून उचलले.

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि पीएच.डी. करणाऱ्यांना ती अधिछात्रवृत्ती देते. मात्र मधल्या दोन वर्षांचे, म्हणजे एम.एस्सी.चे गणित कुटुंबाला स्वतःच जुळवावे लागले. ओळख जपण्याविषयी बोलताना आपण भाषा, सण आणि पोशाख यांच्याविषयी बोलतो. ज्या मुलीची ओळख शासकीय नोंदीत दोन वेगळ्या नावांनी आहे, तिला ती आधी कागदावर जपावी लागते.

किनाऱ्यावरची दोन वर्षे

किनाऱ्यावर तिला दोन प्रकारचे परकेपण आले. पहिले भाषेचे. तिच्या बोलण्यातील नागपुरी वळणाची नक्कल कोकणातील आणि मुंबईतील मराठी मुलेच अधिक करत, आणि तिने पहिले सत्र जवळजवळ हिंदीतच बोलून काढले. दुसरे परकेपण अधिक सूक्ष्म होते. किनाऱ्यावरील मासेमार समाजांतील मुलांच्या दृष्टीने समुद्र त्यांचा होता आणि तलावातली मासेमारी म्हणजे दुय्यम गोष्ट होती. बोटीवर पहिल्याच दिवशी तिला इतकी मळमळ झाली की नमुने घेण्याचे काम इतरांनी पूर्ण केले, आणि ढिवराच्या मुलीला पाणी लागले याची चर्चा बराच काळ चालली. वास्तविक समुद्र लागण्याचा संबंध कानातील तोलाच्या इंद्रियाशी आणि डोळ्यांना मिळणाऱ्या विसंगत संकेतांशी असतो. अनुभवी खलाशांनाही तो त्रास होतो.

जेथे तिचे पारडे जड ठरले ते ठिकाण प्रयोगशाळेतील वर्गीकरणाचे टेबल होते. प्लवकांच्या जाळीत आलेल्या कोळंबी-झिंग्यांच्या अळ्या ओळखणे हे कंटाळवाणे आणि डोळे थकवणारे काम असते. ज्या सहनशीलतेने आई पहाटे पेटीतील मासळी जातवार निवडते, त्याच सहनशीलतेने मुलगी सूक्ष्मदर्शकाखाली निवडत असे, असे तिच्या मार्गदर्शकांनी प्रस्तुत लेखकाला सांगितले. हळूहळू इतर विद्यार्थी शंका घेऊन तिच्याकडे येऊ लागले, आणि ती उत्तरे आपल्या नेहमीच्या बोलीत देऊ लागली. त्यासाठी तिने काही ठरवले होते असे दिसत नाही. मान मिळाला तेव्हा भाषा आपोआप परत आली, असा प्रस्तुत लेखकाचा अर्थ आहे, आणि तो क्रम उलटा असण्याची अपेक्षा विद्यार्थ्यांकडून करणे अन्यायाचे आहे.

समाजाचे म्हणणे आणि पुरावा

या प्रकरणाचा सर्वांत कठीण भाग प्रबंधात आला. तिने गोदावरीच्या खाडीतील अळ्यांवर लहानसे काम घेतले. खाडीचे पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात, वरच्या धरणांमुळे प्रवाह क्षीण झाला की, समुद्राचे खारे पाणी आत दूरवर शिरते. बंगालच्या उपसागरात नद्या इतके गोडे पाणी ओततात की वरचा हलका थर खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. ही मांडणी समजून घेतल्याशिवाय अळ्यांना हवे तसे निमखारे पाणी कोणत्या महिन्यात कोठे असते हे सांगता येत नाही. त्यासाठी जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला भौतिक सागरविज्ञान नव्याने शिकावे लागले, आणि तिचे बरेचसे दुसरे सत्र त्यात गेले.

दुसऱ्या बाजूला, सुट्टीत गावी येऊन तिने संस्थेच्या जुन्या सभासदांची निरीक्षणे महिनावार लिहून घेतली. सर्वांचे म्हणणे एकच होते: मोठा झिंगा गोसीखुर्द धरणाने संपवला. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि नदी अडवल्यावर पिल्लांना वर चढता येत नाही हे तत्त्वतः बरोबर आहे. पण खालच्या बाजूला गोदावरीवर आणखी अडथळे आहेत. आंध्रातील धवळेश्वरमचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी बांधला, म्हणजे तो आजोबांच्याही आधीचा आहे, आणि सिरोंच्यासमोरचे मेडीगड्डा धरण २०१९ मध्ये वापरात आले. शिवाय नागनदीतून नागपूरचे सांडपाणी कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते, रेतीचा उपसा चालतो, आणि जलाशयांत मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या दुसऱ्या मोठ्या झिंग्याचे बीज सोडले जाते. रोझेनबर्गीच्या डोक्यावरचा टोकदार भाग लांब आणि पुढे वर वळलेला असतो. तिने गावात दाखवले गेलेले ‘पूर्वीसारखे मोठे झिंगे’ तपासले तेव्हा त्यांतील काही याच सोडलेल्या जातीचे निघाले.

आपल्या समाजाचे म्हणणे अपुरे आहे, हे आपल्या समाजाच्याच मुलीने लिहावे का, हा प्रश्न तिने प्रस्तुत लेखकाला विचारला होता. तिने जे केले ते असे: सभासदांचे महिनावार निरीक्षण जसेच्या तसे दिले, त्यातील अंडी धरलेल्या माद्यांची नोंद विश्वसनीय आहे असे कारणांसह म्हटले, आणि घट एकाच धरणामुळे झाली हा निष्कर्ष आपल्या पुराव्यातून निघत नाही, असेही स्पष्ट लिहिले. डोहांची नेमकी ठिकाणे तिने प्रबंधात दिली नाहीत, कारण ती संस्थेची कमाईची ठिकाणे आहेत. ऋणनिर्देशात सभासदांची नावे त्यांना विचारून घातली. प्रबंध छापून आल्यावर संस्थेच्या बैठकीत तिने त्यातील मजकूर वाचून दाखवला तेव्हा दोघे तिघे नाराज झाले. एका ज्येष्ठांनी तर धरणाच्या लोकांना हे आयतेच सापडेल, असे बजावले. ती शंका निराधार नाही, आणि संशोधकाला तिचे उत्तर प्रत्येक वेळी देता येतेच असे नाही.

याउलट एक गोष्ट संस्थेने लगेच उचलली. गोंदिया जिल्ह्यात ढिवरांच्या काही संस्थांनी तलावांतील बेशरम या तणाची झुडपे काढून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्यामुळे देशी माशांना अंडी घालण्यास आणि लपण्यास जागा मिळाली. त्याच धर्तीवर आपल्या तलावाच्या एका कोपऱ्यात काम करायचे संस्थेने ठरवले आणि आधी-नंतरची मोजणी कशी करायची ते तिच्याकडून शिकून घेतले. सागरविज्ञानाच्या पदवीचा पहिला उपयोग अशा रीतीने एका तलावात झाला, आणि वडिलांना लोकांना सांगण्यासारखे काहीतरी मिळाले.

सद्यःस्थिती

एम.एस्सी.नंतर तिने जीवशास्त्राची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली. पहिल्या वेळी अधिछात्रवृत्ती हुकली, दुसऱ्या वेळी मिळाली. सध्या ती पूर्व किनाऱ्यावरील एका संशोधन प्रकल्पात काम करते आणि पीएच.डी.च्या विषयाबद्दल तिच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक खोल समुद्रातील प्राणिप्लवकांचा आहे. त्यात संशोधन जहाजावरील सफरी, चांगली उपकरणे आणि परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम आहे. दुसरा खाडी आणि नदी यांच्यातील झिंग्यांच्या ये-जा करण्याविषयीचा आहे. त्याला निधी कमी आहे, तीन राज्यांच्या परवानग्या लागतात आणि शोधनिबंध उशिरा निघतात. ढिवराच्या मुलीने दुसराच विषय घ्यावा, असे तिला अनेकांनी सुचवले आहे, आणि त्यात तिच्या ओळखीचा गौरव आहे असे त्यांना वाटते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही मुलाला तू फक्त आपल्या गावच्या माशावरच काम कर, असे कोणी सांगत नाही, आणि खोल समुद्रातील प्लवक मोजणारी ढिवर मुलगी ढिवरच राहते.

तिने स्वतः अद्याप निर्णय दिलेला नाही. संस्थेच्या तलावाचा ठेका पुढील वर्षी नव्याने होणार असून त्या वेळी पाणवनस्पतींच्या कोपऱ्यातील मोजणीचा तक्ता अर्जासोबत जोडावा, असे सभासदांनी ठरवले आहे. तो तक्ता भरण्याचे काम आता तिचा धाकटा भाऊ करतो. यंदा त्याने तेलंगखेडीच्या महाविद्यालयात मत्स्यशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला आहे.